पहिल्या अडीच घटका

बाळंतपण म्हणजे अवचित येणारी धांदल, अशी आपल्या आज्या-पणज्यांची समजूत होती, आणि त्यांच्या काळीं ती खरीच होती. रात्रीं-अपरात्रीं कळा सुरू व्हावयाच्या, कोणी तरी कंदील घेऊन सुईणीकडे धांवावयाचें, आणि चुलीवर हंडाभर पाणी चढावयाचें. आतां आमच्या पुण्यांत बाळंतपणाचा दिवस लग्नाच्या तिथीसारखा महिनाभर आधीं ठरलेला असतो, अशीं घरें पुष्कळ झालीं आहेत. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील दर शंभर बाळंतपणांपैकीं पंचवीस पोटावरील शस्त्रक्रियेनें, म्हणजे सिझेरियननें, झालेलीं आढळलीं. सबंध देशांतील खाजगी रुग्णालयांपुरतें पाहिलें तर हें प्रमाण शेंकडा सत्तेचाळिसांवर जातें. त्यांतलीं सगळींच कांहीं आधीं ठरविलेलीं नसतात. कित्येक ऐन वेळीं जीव वांचविण्यासाठीं करावीं लागतात. हें प्रमाण असावें कीं नसावें, हा माझा आजचा विषय नव्हे.

माझा विषय त्याहून लहान आहे. दिवस ठरला कीं घरांत काय काय ठरतें पाहा. कोणती खोली घ्यावयाची, डबा कोणी न्यावयाचा, बाळंतिणीच्या उशाशीं कोणी बसावयाचें, बारशाला कोणतें कार्यालय, इतकेंच नव्हे, तर जोशांकडून मुहूर्तही काढून आणलेला असतो. इतकें सारें ठरतें. परंतु बाळ जगांत आल्यावर पहिला तासभर तें कोणाच्या अंगाशीं असेल, आणि त्याच्या तोंडांत पहिल्यानें काय जाईल, हें मात्र कोणी कोणाला विचारीत नाहीं. आपल्या जुन्या मोजणीनें घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे तास अडीच घटकांचा. मुहूर्ताचें पळ-विपळ पाहणाऱ्या घरांत या अडीच घटका मात्र बेवारशी असतात. वर सांगितलेल्या पाहणींतच असें दिसलें कीं, देशांतील तीन वर्षांखालील मुलांपैकीं शंभरांतल्या अवघ्या बेचाळीस मुलांना जन्मानंतर तासाभरांत आईच्या अंगावर घेतलें गेलें होतें. शस्त्रक्रियेनें जन्मलेल्या मुलांच्या वांट्याला हें सुख आणखीच कमी येतें, याचा अनुभव आपल्यापैकीं अनेकींना असेल.

पहिल्या दुधाला आपण चीक म्हणतों. गाय व्याली कीं तिच्या चिकाचा खरवस करण्याची आपल्याकडे केवढी हौस! गूळ, वेलदोडा घालून वाफविलेल्या वड्या शेजारींपाजारीं वांटल्या जातात. पण तोच चीक घरच्या बाळंतिणीचा असला, कीं तो “जड,” “घाण,” “पिवळा” म्हणून पिळून टाकावयाचा, ही चाल कित्येक घरांत परवांपरवांपर्यंत होती. वासराच्या तोंडचा चीक आपण खावा आणि आपल्या बाळाच्या तोंडचा फेंकून द्यावा, हा व्यवहार मला कधीं उमगला नाहीं. वासराला तर गाईच्या पोटांत असतां रोगप्रतिकारक द्रव्यें मिळतच नाहींत. तीं सारीं चिकांतूनच मिळतात. माणसाच्या बाळाला वारेवाटें कांहीं शिदोरी आधीं मिळते हें खरें. तरी त्याच्या आंतड्याला आंतून लेप द्यावा तसें रक्षण करणारीं द्रव्यें या पिवळ्या, चिकट थेंबांतच असतात.

या बाबतींत शास्त्राचा आधार घेणाऱ्यांना एक गंमत सांगावीशी वाटते. सुश्रुतानें बाळंतिणीला दूध तिसऱ्या किंवा चौथ्या रात्रीं सुटतें असें सांगून तोंवर मध-तुपाची योजना केली. चरकानें मध-तूप चाटविण्याचा संस्कार सांगितला खरा, पण त्याच्या पाठोपाठ बाळाला आईच्या अंगावर, तेंही उजव्या बाजूला, द्यावें असें लिहिलें. सुश्रुताचें निरीक्षण अगदीं बिनचूक आहे. भरपूर दूध त्याच सुमारास उतरतें. मात्र त्याच्या आधींचे थेंब हेंच पहिले तीन दिवस बाळाचें अन्न आहे, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. मधाविषयीं तर आजचें वैद्यक स्पष्ट सांगतें कीं, वर्षाच्या आंतील मुलाला तो चाटवूंच नये. त्यांत कधीं कधीं असणाऱ्या जंतूंच्या बीजांपासून तान्ह्याला लुळेपणा आणणारी भयंकर विषबाधा होऊं शकते. आपलें जुनें प्रसूतिशास्त्र असें डोळसपणें तपासण्याचें काम नवें नाहीं. डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं फिलाडेल्फियास १८८६ सालीं पदवीसाठीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षीं आई होऊन दहा दिवसांत बाळ गमावलेल्या त्या मुलीनें हा विषय कां निवडला असेल, हें स्त्रियांना सांगावयास नको.

“पोट चिरलें म्हणजे दूध येत नाहीं,” हें वाक्य मीं इतक्या वेळां ऐकलें आहे, कीं त्याचा एकदां नीट विचार करावयास हवा. दुधाची चावी कळांत नाहीं, ती वारेंत आहे. वार सुटून बाहेर आली कीं आईच्या रक्तांतील प्रोजेस्टेरॉन नांवाचा रस झपाट्यानें ओसरतो, आणि दूध करणाऱ्या प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते. शस्त्रक्रियेंतही वार निघतेच. तेव्हां दूध हें यावयाचेंच. उशीर होतो तो इतर कारणांनीं. कळा न येतांच बाळंतपण झालेलें असतें, आई थकलेली व दुखण्यानें बेजार असते, आणि मुख्य म्हणजे मायलेंकरांची ताटातूट होते. बाळ ओढूं लागलें म्हणजे दूध उतरविणारा ऑक्सिटोसिन पाझरतो; ओढणारेंच जर दुसऱ्या खोलींत निजलेलें असेल, तर त्यानें काय करावें?

माझी स्वतःची मुलगी १९९३ सालीं शस्त्रक्रियेनेंच झाली. रुग्णालयाचें नांव कशाला सांगूं? तेथली रीतच तशी होती. मला पूर्ण भूल दिलेली. शुद्धीवर आलें तेव्हां बाळ “वर” आहे एवढेंच कळलें. दुसरे दिवशीं संध्याकाळीं तें माझ्याजवळ आणलें, तोंवर त्याला बाटलीनें साखरेचें पाणी पाजलें होतें. बाटलीच्या रबराची संवय झालेलें पोर माझ्याकडे तोंड फिरवी आणि रडे. माझ्या छातीवर दगड बसावेत तसें दूध दाटलें, ताप आला. तेथली एक वयस्कर आया रोज दुपारीं आपलें काम आटोपल्यावर माझ्याजवळ बसूं लागली, तिनें हातानें दूध काढून दाखविलें, म्हणून पुढें तीन आठवड्यांनीं पोरगी अंगावर पिऊं लागली. तिचें ऋण मी विसरलें नाहीं. आणि आपली मुलगी बाळंतपणाला माहेरीं येईल तेव्हां या एका गोष्टीची चौकशी आधीं करावयाची, एवढें मीं मनाशीं ठरवून ठेविलें होतें.

तो प्रसंग गेल्या श्रावणांत आला. बाळ पायाळू होतें. शेवटपर्यंत फिरलें नाहीं. तेव्हां शस्त्रक्रिया करावयाची असें डॉक्टरीणबाईंनीं ठरविलें. विहीणबाईंच्या जोशांनीं काढलेला मुहूर्त अडतिसाव्या आठवड्यांतला निघाला. डॉक्टरीणबाई हंसून म्हणाल्या, “एकोणचाळीस आठवडे पुरे झाल्यावांचून मी हात लावावयाची नाहीं. बाळाचीं फुप्फुसें पिकूं देत. त्यापुढचा मुहूर्त शोधा म्हणावें!” जोशांनीं तोही काढून दिला.

त्याच भेटींत मीं व मुलीनें आमची यादी पुढें केली. भूल कमरेंतूनच देणार ना? बाळ रडलें व नीट असलें, तर लगेच हिच्या छातीवर देतां येईल का? वजन, मोजमाप, टोंचणी तासाभरानें चालेल का? आंघोळ दुसऱ्या दिवसावर टाकाल का? हिच्या खोलींतच बाळ राहील ना? न विचारतां बाटली, पाणी वा डब्याचें दूध देणार नाहीं ना? मला वाटलें होतें बाई रागावतील. उलट त्यांनीं भूलतज्ज्ञांना व बालरोगतज्ज्ञांना निरोप पाठविला आणि म्हणाल्या, “हें कोणी विचारीतच नाहीं हो! आधीं कळलें म्हणजे माणसें नेमतां येतात.” जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची स्तनपानाविषयींची दहा पायऱ्यांची योजना १९८९ सालची, २०१८ सालीं ती सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. कमरेंतून भूल दिलेली आई जागीच असते, तेव्हां तिनें तासाभरांत बाळाला जवळ घ्यावें, आणि पूर्ण भूल दिलेलीनें शुद्धीवर येतांच, हें त्या शिकवणुकींत बसतें. पण पायऱ्या भिंतीवर टांगलेल्या असल्या तरी चढावयास कोणी तरी सांगावें लागतें.

शस्त्रक्रियागृहांतलें वर्णन मुलीच्या तोंडून ऐकलेलें आहे. सलाइनची सुई व रक्तदाबाचा पट्टा एकाच हाताला लाविला होता, दुसरा हात मोकळा. छातीवरच्या तारा बाजूला खांद्याकडे सरकविल्या होत्या. खोली थंड असते, म्हणून बाळाला पुसून कोरडें केलें, टोपरें घातलें आणि उघडेंच तिच्या छातीवर आडवें ठेवून वरून ऊन दुपटें पांघरलें. एक परिचारिका सारा वेळ नुसती बाळाकडे पाहत उभी होती, नाक मोकळें आहे ना, रंग गुलाबी आहे ना. हें फार महत्त्वाचें. भुलेच्या अंमलांत आईला डुलकी लागूं शकते, तेव्हां मायलेंकरांना एकटें सोडावयाचें नसतें. इकडे टांके पडत होते आणि तिकडे बाळ हातपाय हलवीत, जिभळ्या चाटीत वाट शोधीत होतें. बाहेरच्या खोलींत आणल्यावर तें अंगावर प्यालें, तेव्हां जन्माला पाऊण तासही झाला नव्हता. मुहूर्ताची वेळ टिपून ठेवण्याचें काम जावयांकडे होतें. ते बाळाकडे पाहतांना घड्याळ पाहावयाचें विसरले! रुग्णालयाच्या कागदावरची वेळ मुहूर्त टळून दोन मिनिटांची आहे. विहीणबाईंना हें अजून कोणी सांगितलेलें नाहीं. हा अंक त्यांच्या हातीं पडला तर कळेल.

पाजावयाचें कसें, याचीही युक्ति असते. नेहमींसारखें मांडीवर घेतलें तर बाळाचे पाय नेमके टांक्यांवर येतात. म्हणून पहिल्या दिवशीं कुशीवर निजून, आणि नंतर काखेखालीं धरून पाजावें. बाळाचें डोकें आईच्या हातांत, पाय तिच्या पाठीकडे, खालीं उशी. बाळानें तोंड मोठें उघडून भोंवतालच्या काळसर भागासकट धरलें पाहिजे. नुसतें टोंक चोखलें तर आईला चिरा पडतात आणि बाळाच्या पोटांत कांहीं जात नाहीं. आमच्या मुलीनें दुधांत उतरेल या भीतीनें दुखणें थांबविण्याची गोळी नाकारली होती. डॉक्टरीणबाईंनीं समजाविलें कीं, अशा वेळीं नेहमीं दिल्या जाणाऱ्या गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात. दुखणें सोसण्यानेंच दूध उतरावयास अडतें.

खरी परीक्षा दुसऱ्या रात्रीं झाली. पहिला दिवस बाळ बहुतेक झोंपेंत होतें, आणि दुसऱ्या रात्रीं दर अर्ध्या तासानें रडूं लागलें. अंगावर घेतलें कीं चोखे, सोडलें कीं रडे. “हिला दूध नाहीं हो,” असें विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या पिशवींत डबा होता. मीं कांहीं बोलण्याच्या आधींच त्यांचे डोळे भरून आले. “आमचा थोरला असाच दोन रात्री रडला, आणि तिसऱ्या दिवशीं पिवळाजर्द होऊन कांचेच्या पेटींत गेला. मला तें पुन्हा पाहावयाचें नाहीं.” अशा बाईला “तुम्हांला कळत नाहीं” म्हणणारी मी कोण? त्यांची भीति खोटी नव्हती. न पिणारें मूल कावीळ वाढून खरोखरच आजारी पडतें. तेव्हां भीतीला मोजमापानेंच उत्तर द्यावयास हवें होतें. रात्रपाळीच्या परिचारिकेला बोलाविलें. तिनें वजन केलें. जन्माचें २,९०० ग्रॅम, आतांचें २,७२०. म्हणजे घट शेंकडा सहा. सातापर्यंत चिंता नको, दहाच्या वर गेली तर डॉक्टरांनीं पाहावयासच हवें, असें ती म्हणाली. दिवसभरांत लंगोट दोनदां ओला झाला होता, आणि दुसऱ्या दिवशीं तेवढेंच अपेक्षित असतें. नवजात बाळाला पहिल्या दिवशीं एका वेळेस चहाचा चमचाभर चीक पुरतो, आणि दुसऱ्या रात्रीं तें वारंवार मागतें तेंच मुळीं दुधाला बोलावणें असतें.

मग तिनें मुलीला हातानें चीक काढावयास शिकविलें. आंगठा व बोट काळसर भागाच्या कडेला ठेवून आधीं छातीकडे दाबावयाचें, मग एकमेकांकडे, मग सोडावयाचें. ओढावयाचें नाहीं, चोळावयाचें नाहीं. पंधरा मिनिटांत दोन्हीकडचा मिळून दीड चमचा पिवळाधमक चीक निघाला. तो पाजावयाचा कशानें? विहीणबाईंनीं पिशवींतून चांदीचें बोंडलें काढलें, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचें! दक्षिणेंत ज्याला पालाडै म्हणतात, आणि मोठमोठ्या नवजात-कक्षांतून आज जें वापरतात, तें म्हणजे आपलें बोंडलेंच कीं. उकळून निवविलें, आणि विहीणबाईंनीं स्वतः बाळाला उभें धरून थेंब-थेंब पाजलें. बाटलीनें जसें तोंड फिरतें तसें बोंडल्यानें फिरत नाहीं. डबा पिशवींतच राहिला. चौथ्या दिवशीं पहांटे दूध उतरलें. सुश्रुताचा हिशेब चुकला नाहीं. दहाव्या दिवशीं बाळ जन्माच्या वजनावर आलें होतें.

डब्याविषयीं आणखी एक सांगण्यासारखें आहे. गुबगुबीत बालकांचीं चित्रें छापून डब्याच्या दुधाच्या जाहिराती एके काळीं सर्रास होत. १९९२ सालच्या कायद्यानें तशा जाहिराती बंद झाल्या, डब्यावर बाळाचें वा आईचें चित्र छापण्यासही मनाई झाली, आणि २००३ सालीं तो कायदा अधिक कडक झाला. तरी डबा हा गुन्हा नव्हे. आमच्या शेजारच्या घरीं सुनेला मधुमेह होता. जन्मल्यावर बाळाची साखर उतरली, हातानें काढलेला चीक पुरेना, तेव्हां डॉक्टरांनीं दोन दिवस वरचें दूध द्यावयास सांगितलें. दिलें, आणि पांचव्या दिवसापासून तें मूल फक्त आईचेंच पितें आहे. तिला नांवें ठेवणाऱ्या बायका मीं पाहिल्या आहेत, आणि त्यांचा मला मनापासून राग येतो. जिचें मूल अतिदक्षता विभागांत आहे, तिनें तर पहिल्या सहा तासांतच हातानें काढावयास आरंभ करावा, पुढें दर तीन तासांनीं काढावें, आणि जावयानें किंवा आजीनें तें बाळापर्यंत पोंचवावें. तिचें पुरेसें निघेपर्यंत दुसऱ्या मातांचें तपासून, तापवून शुद्ध केलेलें दूध पुरविणाऱ्या दुग्धपेढ्या आतां आहेत. मुंबईस शीव येथील रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं अशी पेढी काढली, ती आशिया खंडांतील पहिली. आपल्या ससून रुग्णालयांतही अशी पेढी आहे. बाळ सुस्त होऊन पिण्यास उठेनासें झालें, पिवळेपणा तळहात-तळपायांवर उतरला, ताप आला, किंवा पांचव्या दिवसानंतर दिवसांतून सहा लंगोटही ओले होईनात, तर मात्र घरगुती सल्ले बाजूला ठेवून त्याच घटकेला डॉक्टरकडे जावें.

घरच्यांच्या हातीं काय आहे, तेंही सांगतें. अळिवाचे लाडू, डिंक, शेपू, शतावरी बाळंतिणीला जरूर द्यावीं. तीं अंगांत शक्ति आणतात, चवीला छान असतात आणि करणाऱ्या आजीला समाधान देतात. परंतु दूध वाढतें तें मुख्यतः बाळाच्या ओढण्यानें, दिवसा-रात्रीं मिळून आठ ते बारा वेळां पाजण्यानें. गुटी, पाणी, मध यांतलें कांहीं सहा महिने नको. डॉक्टरांनीं दिलेलें औषध वा जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे वेगळे. भेटावयास येणारांना पहिले तीन दिवस नम्रपणें थांबवावें. आमच्याकडे हें काम आमच्या घरच्यांनीं केलें. दाराशीं खुर्ची टाकून बसले आणि आलेल्या प्रत्येकाला पेढा देऊन जिन्यावरूनच परत लाविलें. दोघे-तिघे रुसले आहेत, त्यांना बारशाला दोन वाढप जास्त वाढूं.

आणि रात्रीं खोलींत कोण राहणार, हें मुहूर्ताच्याही आधीं ठरवावें. टांक्यांमुळें आईला पहिल्या दोन रात्री आपण होऊन कुशीवर वळतां येत नाहीं, बाळ उचलतां येत नाहीं. दर दोन तासांनीं कोणी तरी तें तिच्या जवळ द्यावें लागतें, धरून ठेवावें लागतें, ढेंकर काढावी लागते, लंगोट बदलावा लागतो. आमच्यांत पहिली रात्र माझी, दुसरी विहीणबाईंची व माझी मिळून, आणि तिसरी जावयांची अशी वांटणी झाली होती. विहीणबाईंना वाटलें, त्यांचा मुलगा झोंपेचा पक्का, त्याला जाग कसली येते! त्यांनीं पहांटे चारला दूरध्वनि करून पाहिला. तो म्हणाला, “आई, हळू बोल, आत्तांच पिऊन निजली आहे,” आणि ठेवून दिला.